‘घरच्यासारखी’ म्हणजे नक्की कोण? आईची फिलिपिनो ‘आते’ आणि तिच्यासारख्या लाखोजणी

रेवदंड्याची_लेक

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचत आले, धागा पहिल्यांदाच काढतेय.

आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, मूळचे रेवदंड्याचे. १९७० साली आईवडिलांबरोबर इस्रायलला आले तेव्हा मी ठाण्याच्या शाळेत आठवीत होते. आता अश्दोदला राहते. आई गेल्या वर्षी गेली, ९१ वर्षांची होऊन. शेवटची नऊ वर्षं तिच्याजवळ फिलिपिन्सहून आलेली एक बाई राहिली. इथे घरी राहून म्हाताऱ्या माणसांचं करणाऱ्या बाईला मेतापेलेत म्हणतात. तिचं नाव लिहीत नाही, कारण तिला विचारलेलं नाही. आमच्या इमारतीतल्या दुसऱ्या फिलिपिनो मुली तिला ‘आते’ म्हणायच्या. त्यांच्या भाषेत आते म्हणजे मोठी बहीण. आईला स्मृतिभ्रंश झालेला. तिने ‘आते’ ऐकलं आणि ती खूश झाली, कारण आमच्यात आते म्हणजे वडिलांची बहीण. झालं, रेवदंड्याहून आपली आते राहायला आलीय अशी तिची पक्की समजूत झाली आणि ती शेवटपर्यंत टिकली.

आईचं हिब्रू आधी गेलं. पन्नास वर्षं बोललेली भाषा वर्षभरात पुसली गेली आणि खालचं मराठी तेवढं उरलं. मग आतेने एक वही घातली. आई जे बोलेल ते ती रोमन लिपीत लिहून ठेवायची, संध्याकाळी मला फोन करून अर्थ विचारायची आणि समोर काय करायचं ते लिहायची. ‘दुखतं’, ‘मुतायला’, ‘नको’, ‘घोटभर’. सहा महिन्यांत ती आईशी मराठीत बोलायला लागली. क्रियापदं सगळी चुकीची, पण सूर अगदी आमच्या आळीचा!

एक गोष्ट सांगायलाच हवी. आईची जुनी खवणी, रेवदंड्याहून आणलेली, सिंकखाली गंजत पडली होती. मलिद्यासाठी नारळ हवा होता म्हणून मी ती काढली. मला धड बसता येईना. आतेने ती माझ्या हातातून घेतली, जमिनीवर ठेवली, पाय दुमडून बसली आणि पाच मिनिटांत दोन नारळ खवून दिले, करवंटीचा काळा कण येऊ न देता. म्हणाली, आमच्याकडे हिला कुडकुरान म्हणतात. ती इलोइलोची. तिकडेही भात, मासे, नारळ, गूळ. आई पलंगावरून तिच्याकडे बघत होती. तिच्या दृष्टीने सगळं जागच्या जागी होतं.

आता धाग्याचं कारण. आईचे सात दिवस झाल्यावर हिशोबाचा विषय निघाला. इथल्या कायद्याने मालक वारला तरी नोकराची देणी लागू होतात, जितकी वर्षं काम तितक्या महिन्यांचा पगार. म्हणजे नऊ महिन्यांचा. माझा भाऊ म्हणाला, “ती घरच्यासारखी होती. घरच्या माणसाने कधी हिशोब मागितलाय का?” तो वाईट माणूस नाही. आईला त्यानेही खूप केलं. पण तो शब्द ऐकल्यापासून मला झोप नाही, कारण नऊ वर्षं तोच शब्द मीही वापरला होता.

ती घरच्यासारखी म्हणून शनिवारची सुट्टी कधी अर्धी केली, तिने कुरकूर केली नाही. घरच्यासारखी म्हणून रात्री आईच्याच खोलीत झोपायची. नऊ वर्षांत दोनदा घरी गेली. आईचं खुब्याचं ऑपरेशन झालं त्याच आठवड्यात तिची स्वतःची आई वारली. मी तिला म्हटलं, “तूच ठरव.” आईजवळ दुसरं कोणी नव्हतं हे आम्हा दोघींनाही माहीत होतं, तरी मी ठरवायचं तिच्यावर टाकलं. ती गेली नाही. आमच्या स्वयंपाकघरात बसून तिने फोनवर आईची अंत्ययात्रा बघितली. आवाज अगदी बारीक ठेवला होता, माझी आई जागी होऊ नये म्हणून.

जगभर पसरलेल्या मराठी लोकांच्या घरात, हॉस्पिटलांत, शेजारी या बायका आहेत. तुम्ही काय बघितलंत ते लिहा. मला भावाशी भांडायचं नाही, त्याला समजावायचंय. त्यासाठी आधी मला नीट समजायला हवं.

---

परिचारिका_एडिसन

ताई, वाचून पोटात तुटलं. मी न्यू जर्सीत नर्स आहे, माझ्या मजल्यावर जवळजवळ निम्म्या जणी फिलिपिनो. रात्रपाळीत डबे उघडले की आमचा आणि त्यांचा भातच असतो.

त्यांचं अमेरिकेशी नातं आपल्याला वाटतं त्यापेक्षा खूप जुनं आहे. १८९८ साली स्पेनने फिलिपिन्स अमेरिकेच्या हवाली केलं. अमेरिकनांनी तिथे इंग्रजी शाळा काढल्या आणि अमेरिकन पद्धतीच्या नर्सिंग शाळाही. त्यातली पहिली १९०६ साली तुमच्या आतेच्या इलोइलोत, मिशन हॉस्पिटलात निघाली. म्हणजे अमेरिकेत नर्सेसची टंचाई पडण्याच्या कितीतरी आधीपासून त्यांच्याच अभ्यासक्रमावर, त्यांच्याच भाषेत मुली तयार होत होत्या. १९४८ पासून ‘एक्स्चेंज व्हिजिटर’ योजनेखाली त्या दोन-दोन वर्षांसाठी इकडे यायला लागल्या. नाव शिक्षणाचं, पण प्रत्यक्षात पूर्ण पाळ्या आणि हातात विद्यावेतन. १९६५ च्या इमिग्रेशन कायद्याने कायमचं येण्याचं दार उघडलं.

माझ्या एका ज्येष्ठ सहकारीणीने मला अ‍ॅन आर्बर या मिशिगनमधल्या शहराची गोष्ट सांगितली. १९७५ च्या उन्हाळ्यात तिथल्या माजी सैनिकांच्या हॉस्पिटलात एकामागून एक रुग्णांचा श्वास थांबायला लागला, काही दगावले. संशय गेला दोन फिलिपिनो नर्सेसवर, फिलिपिना नार्सिसो आणि लिओनोरा पेरेझ. प्रत्यक्ष पुरावा नव्हता, तरी १९७७ मध्ये ज्युरीने त्यांना दोषी ठरवलं. न्यायाधीशांनीच तो निकाल रद्द करून फेरखटल्याचा आदेश दिला आणि १९७८ मध्ये सरकारने खटला सोडून दिला. माझी सहकारीण तेव्हा नवी होती. ती म्हणते, कितीतरी महिने इंजेक्शन द्यायला गेलं की रुग्ण आधी तिचं तोंड बघायचे, मग सुई.

आणि करोना. इथल्या नर्सेसमध्ये फिलिपिनो साधारण चार टक्के. पण २०२० च्या सप्टेंबरपर्यंत करोनाने गेलेल्या नर्सेसमध्ये जवळजवळ एक तृतीयांश त्याच होत्या, असं नर्सेसच्या संघटनेने नावं गोळा करून दाखवलं. त्या जास्त करून आयसीयूत, मेडिकल वॉर्डात, नर्सिंग होममध्ये असतात, जिथे रुग्णाच्या तोंडाजवळ जावं लागतं. शिवाय जादा पाळीला ‘नाही’ म्हणत नाहीत, कारण महिनाअखेर घरी पैसे पाठवायचे असतात. आमच्या मजल्यावरचीही एक गेली. तिच्या लॉकरवरचं देवाचं चित्र अजून कोणी काढलेलं नाही. त्याच वर्षी ८ डिसेंबरला इंग्लंडात कॉव्हेंट्रीला चाचण्यांबाहेरची पहिली फायझर लस टोचली गेली, ती टोचणारी मे पार्सन्सही फिलिपिनो. ती बातमी आम्ही पाळीवर एकत्र बघितली. त्या दिवशी पहिल्यांदा सगळ्याजणी मोकळेपणी रडल्या.

---

दावाओचा_डॉक्टर

मी लातूरचा. एमडी फिलिपिन्समध्ये केलं, दावाओला. महाराष्ट्रातली बरीच मुलं तिथे शिकतात हे अनेकांना ठाऊक असेल. साडेपाच वर्षं मी ज्या घरात भाड्याने राहिलो तिथे आजी होती, दोन नातवंडं होती आणि आई नव्हती. आई आधी रियाधला, मग हाँगकाँगला. मुलांना रोज जेवायला आजी वाढायची आणि रात्री आठ वाजता टॅब्लेट टेबलावर उभा करायची. त्यातून आई विचारायची, “कुमाइन का ना?” जेवलास का? धाकटा एकदा म्हणाला, “तूच बघ की,” आणि त्याने ताट कॅमेऱ्यापुढे धरलं.

‘कोणी जबरदस्ती केली का’ असं कोणीतरी विचारेलच, म्हणून आधीच लिहितो. हे आपोआप घडलेलं नाही. १९७४ साली फर्डिनांड मार्कोस यांच्या लष्करी कायद्याच्या काळात कामगार संहिता आली आणि माणसं परदेशी पाठवणं हे सरकारी धोरण झालं. तेलाचे भाव भडकलेले, देशात बेकारी, आखातात बांधकामं जोरात. तात्पुरता उपाय म्हणून सुरू झालं. १९८२ ला त्यासाठी वेगळं प्रशासन निघालं, २०२१ च्या अखेरीस कायदा होऊन स्थलांतरित कामगारांचं स्वतंत्र खातंच झालं. आज एक कोटीच्या आसपास फिलिपिनो देशाबाहेर आहेत. २०२३ मध्ये त्यांनी बँकांमार्फत घरी पाठवलेली रक्कम सुमारे ३,३५० कोटी डॉलर होती. एवढ्या पैशावर देश उभा राहिला की तो ‘तात्पुरता’ उपाय कोण बंद करणार?

मी होतो तेव्हा काळजीवाहिका होण्यासाठी तिथे सरकारी मान्यतेचा ७८६ तासांचा अभ्यासक्रम होता. मी ते वर्ग बघितलेत. रबरी बाहुल्याला कुशीवर कसं वळवायचं, पाठीला जखम होऊ नये म्हणून दर दोन तासांनी कसं हलवायचं, दातांची कवळी कशी काढायची. शिकणाऱ्यांत पदवीधर शिक्षिका होत्या, एक बँकेतली होती. डॉक्टरसुद्धा पुन्हा नर्सिंग करतात. २००४ साली वैद्यकीय परीक्षेत देशात पहिला आलेला मुलगा नर्स म्हणून अमेरिकेला निघाला तेव्हा देशभर चर्चा झाली होती. मी तिथे होतो तेव्हाही शिक्षक त्याचं उदाहरण द्यायचे, आणि रागाने द्यायचे नाहीत.

१९८८ मध्ये अध्यक्ष कोराझोन अकिनो यांनी हाँगकाँगमधल्या मोलकरणींना ‘नव्या वीरांगना’ म्हटलं. तो शब्द अजून चालतो. पण १९९५ च्या मार्चमध्ये सिंगापूरने फ्लोर कॉन्टेम्प्लासिऑन या फिलिपिनो मोलकरणीला दुहेरी खुनाच्या आरोपावरून फाशी दिली. ती निर्दोष आहे असं देशातल्या असंख्य लोकांना वाटत होतं, रस्ते माणसांनी भरले. त्याच वर्षी सरकारला परदेशी कामगारांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला. वीरांगना म्हटल्याला तेव्हा सात वर्षं झाली होती.

ताई, तुमच्या भावाला हे नक्की सांगा: तिकडच्या घरात तिचा पगार हा ‘आईचा पैसा’ असतो. माझ्या घरमालकिणीच्या नातीने नर्सिंगची फी भरली ती त्यातूनच. आजी पावती देवाच्या फोटोमागे ठेवायची.

---

कोथरूडकर

सगळ्यांबद्दल आदर ठेवून थोडं वेगळं मत मांडतो. माझ्या वडिलांना अर्धांगवायू झाल्यावर ब्युरोतून मावशी आल्या, चार वर्षं राहिल्या. आम्ही त्यांना घरच्यासारखंच वागवलं. आमच्याबरोबर जेवायच्या, दिवाळीला साडी, त्यांच्या मुलाच्या अ‍ॅडमिशनला मी स्वतः गेलो. ‘घरच्यासारखी’ हा शब्द वाईट कसा? उलट नोकर म्हणून वागवणं वाईट. आणि या बायकांना मायदेशात मिळालं असतं त्याच्या कितीतरी पट मिळतं, म्हणून त्या येतात. प्रेमाने केलेल्या गोष्टीला शेवटी पैशाचं लेबल लावलं की त्यातलं प्रेम कमी होतं असं मला मनापासून वाटतं.

---

रेवदंड्याची_लेक

कोथरूडकर, तुम्ही मावशींच्या मुलासाठी गेलात हे वाचून बरं वाटलं. तुमचं म्हणणं मी भावाच्या तोंडून ऐकलंय, म्हणून रागाने लिहीत नाही.

माझ्या मनात आलं ते असं. मी घरची आहे. म्हणून आईच्या घरात माझा वाटा आहे, आजारी पडले तर मला कोणी घर सोड म्हणणार नाही, आईच्या मयताला मी पुढे होते. आतेला घरच्या माणसाची कामं सगळी होती, यातलं काहीच नव्हतं. आई गेली त्या दिवशी तिचा इथे राहण्याचा हक्कही संपला. इथे काळजीवाहिकेला साधारण सव्वापाच वर्षांचा परवाना मिळतो. त्यापुढे ती ज्या म्हाताऱ्या माणसाजवळ आहे त्याच्याजवळच राहू शकते, तो गेला की नवीन घर धरता येत नाही. म्हणजे आई जेवढी जगेल तेवढीच तिची नोकरी. ती आईचं मन लावून करते याचं आम्ही कौतुक करायचो, पण आईचं प्रत्येक दुखणं तिच्यासाठी दुहेरी होतं हे माझ्या ध्यानात आलं नाही.

इथला इतिहासही थोडा लिहिते. १९८८ मध्ये इथे वृद्धांच्या देखभालीचा विमा सुरू झाला. नंतर नव्वदच्या दशकात परदेशी बायका मोठ्या संख्येने यायला लागल्या, सगळ्यांत जास्त फिलिपिन्सहून. इतक्या की हिब्रूत ‘फिलिपिनित’ हा कामाचाच शब्द झाला. माझी शेजारीण सहज म्हणते, “आमची फिलिपिनित नेपाळची आहे.” पूर्वी त्यांचा परवाना एकाच मालकाला बांधलेला असे, मालक सोडला की ती बेकायदा. २००६ ला सर्वोच्च न्यायालयाने ती पद्धत मोडली. मूल झालं तर मुलाला परत पाठवा नाहीतर स्वतः जा, असा नियम होता. तो २०११ ला रद्द झाला. पण एक गोष्ट मिळाली नाही. योलांडा ग्लूटेन या काळजीवाहिकेने जादा तासांचा पगार मागितला होता. २००९ मध्ये आणि पुन्हा २०१३ मध्ये न्यायालयाने सांगितलं की कामाच्या तासांचा कायदा घरात राहणाऱ्या काळजीवाहिकांना लागू नाही. कारण असं की ती घरातच राहते, तिचं काम कुठे संपतं आणि विश्रांती कुठे सुरू होते हे मोजता येत नाही.

मोजता येतं की नाही, ते मी आतेच्या वहीत बघितलंय. शब्द पुढच्या पानांवर आहेत. मागच्या पानांवर ती डॉक्टरला दाखवण्यासाठी आईच्या रात्री लिहायची. एक रात्र अशी आहे: ११:४०, १:१५, २:००, ३:०५, ४:३०. प्रत्येक वेळेसमोर एक शब्द. पाणी. ओलं. आई. ओलं. आई. सकाळी सहाला ती उठून भाकरीचं पीठ मळायची.

आणि ऑक्टोबर २०२३. अश्दोदला रॉकेटच्या इशाऱ्याचा भोंगा वाजला की पाऊण मिनीट मिळतं. आमच्या जुन्या इमारतीत सुरक्षित खोली नाही, जिन्यात जायचं. पंचावन्न किलोची आते सत्तर किलोच्या आईला चाकाच्या खुर्चीत घेऊन पाऊण मिनिटात जिन्यात पोचायची. एकदा खुर्ची उंबऱ्याला अडली तर आईवर पालथी पडून राहिली. मी विचारलं, तू एकटी का नाही धावलीस? ती फक्त म्हणाली, “मग ‘आते’ म्हणून हाक मारली असती.” ७ ऑक्टोबरला हमासच्या हल्ल्यात, गाझाच्या सीमेजवळच्या क्फार अझा किबुत्झमध्ये (सामुदायिक वस्तीत) अँजेलिन अगिरे ही फिलिपिन्समधल्या पांगासिनानची काळजीवाहिका आपल्या म्हाताऱ्या मालकिणीला सोडून गेली नाही, दोघी मारल्या गेल्या. तिचा फोटो तेल अवीवच्या मध्यवर्ती बसस्थानकातल्या फिलिपिनो दुकानांत लागला होता, तांदळाच्या पोत्यांच्या वर. शनिवारी आते तिथे जायची. सहा-आठजणी मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतात, आठवड्यातून एक रात्र स्वतःच्या उशीवर झोपता यावं म्हणून.

प्रेम होतं हो, कोथरूडकर. खरंखुरं होतं. पण ते तिच्याकडून जास्त होतं, आणि सुट्टी, झोप, हिशोब या गोष्टी ठरवायचा अधिकार सगळा आमच्याकडे.

---

टोरांटो_सुषमा

ताई, कॅनडातलं सांगते. इथे १९९२ ते २०१४ ‘लिव्ह-इन केअरगिव्हर’ योजना होती. २४ महिने मालकाच्या घरात राहून काम केलं की कायम रहिवासाचा अर्ज करता यायचा. येणाऱ्यांत बहुसंख्य फिलिपिनो. ऐकायला चांगलं वाटतं. पण ते २४ महिने ठरलेल्या मुदतीतच भरायचे असत, त्यामुळे मालक कसाही असला तरी तोंड मिटून राहायचं. तळघरातली खोली, पगारातून राहण्याजेवण्याची कपात. आणि मुलं मागे. अर्ज मंजूर होऊन ती येईपर्यंत सात-आठ वर्षं सहज जायची. सहा वर्षांची सोडलेली मुलगी चौदाची होऊन विमानतळावर उतरते आणि आईला ओळखत असूनही ओळखत नाही. मी शाळेत काम करते. अशी मुलं वर्गात गप्प बसलेली मी बघितली आहेत. त्यांच्या आया पालकसभेला येताना दुसऱ्यांच्या मुलांना शाळेतून घेऊन यायच्या.

हुआना तेहादा हे नाव इथल्या प्रत्येक फिलिपिनो घरात माहीत आहे. तिने काम पूर्ण केलं, मग तिला कर्करोग निघाला, आणि ‘आरोग्यसेवेवर बोजा’ म्हणून रहिवास नाकारला. येताना तिची वैद्यकीय तपासणी झालेली होती, रहिवासासाठीची ही दुसरी. संघटना, वकील, चर्च सगळे उभे राहिले. तिला रहिवास मिळाला, २००९ च्या मार्चमध्ये ती गेली, आणि २०१० मध्ये ती दुसरी तपासणी रद्द झाली.

कोथरूडकरांना एक प्रश्न, मनापासून: मावशी आजारी पडल्या असत्या तर त्यांना चार महिने बसून पगार दिला असता का? घरच्याला देतो ना आपण.

---

वर्षा_हाँगकाँग

ताई, तुमच्या शनिवारवरून आमचा रविवार आठवला. सेंट्रल या हाँगकाँगच्या मध्यवर्ती भागात त्या दिवशी चेटर रोड गाड्यांना बंद असतो. हजारो फिलिपिनो बायका पुठ्ठे अंथरून बसतात, बँकेच्या इमारतीखाली, पादचारी पुलांवर. नखं रंगवतात, पत्ते खेळतात, केस कापतात, खोकी भरतात. त्या खोक्याला बालिकबायान बॉक्स म्हणतात: साबण, टूथपेस्ट, डबाबंद मांस, बूट, महिनोन्‌महिने थोडं थोडं साठवून जहाजाने घरी पाठवतात. नवीन आले तेव्हा मला वाटायचं, बागेत का नाही जात? मग कळलं की २००३ पासून मालकाच्याच घरात राहण्याची सक्ती आहे, आणि इथली घरं म्हणजे काडेपेट्या. सुट्टीच्या दिवशी घरात थांबलं तर काम लागतंच. म्हणून रस्ता.

इथे करार संपला किंवा तोडला की दोन आठवड्यांत देश सोडायचा, हा नियम १९८७ पासून आहे. सात वर्षं राहिलेल्या इतर परदेशी माणसाला कायम रहिवास मागता येतो, घरकामगारांना नाही. १९८६ पासून इथे काम करणारी इव्हँजेलिन व्हायेहोस न्यायालयात गेली. २०१३ मध्ये शेवटच्या न्यायालयात ती हरली. निकालानंतरच्या रविवारी मी मुद्दाम सेंट्रलला गेले होते. रडारड नव्हती, घोषणाही फार नव्हत्या. एक बाई पुठ्ठ्यावर बसून खोक्याला चिकटपट्टी लावत होती. मला म्हणाली, “ताई, बोट धराल का इथे?” मी धरलं.

---

सांगलीची_आई

मी या विषयातली माहीतगार नाही, पण धागा दोनदा वाचला. माझी मुलगी बीएससी नर्सिंग झालीय आणि जर्मन शिकतेय. २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारने जर्मनीतल्या बाडेन-व्युर्टेम्बर्ग राज्याशी करार केला, त्यात नर्सिंगही आहे, तेव्हापासून तिने मनात घेतलंय. एका एजंटाने चार लाख सांगितले आहेत. हे सगळं वाचून भीती वाटली. तिला पाठवू नये का? आणि पाठवायचं तर काय विचारून घ्यायचं?

---

दावाओचा_डॉक्टर

ताई, घाबरू नका, पण एजंटाला चार लाख देऊ नका. फिलिपिन्सच्या लोकांनी पन्नास वर्षांत जे शिकून घेतलं त्यातलं पहिलं हेच आहे: कर्ज काढून गेलेली मुलगी वाईट जागा सोडू शकत नाही. म्हणूनच त्यांच्या सरकारने २००६ मध्ये घरकामगारांकडून नेमणुकीचे पैसे घ्यायला बंदी केली आणि किमान पगार ४०० डॉलर ठरवला. अंमलबजावणीत पळवाटा निघतात, तरी मागायला कायदा आहे. जर्मनीशी त्यांचा २०१३ पासून ‘ट्रिपल विन’ नावाचा सरकारी कार्यक्रम आहे, त्यात भाषेचा आणि प्रवासाचा खर्च नर्सवर पडत नाही. मुलीला सांगा, आधी सरकारी मार्ग, मग बाकीचे.

करार जर्मनमध्ये आणि तिला पूर्ण कळणाऱ्या भाषेत, दोन्ही हवेत. ‘नर्स’ म्हणून मान्यता मिळेपर्यंत मदतनीसाचा पगार किती आणि तो काळ किती, हे लिहून घ्या. नोकरी मुदतीआधी सोडली तर शिक्षणाचा खर्च परत मागणारं कलम आहे का ते शोधा. मुली सगळ्यांत जास्त तिथेच अडकतात. पासपोर्ट स्वतःजवळ.

---

परिचारिका_एडिसन

आणि तिथे पोचल्यावर पहिल्या आठवड्यात आधी आलेल्या मुली शोधायच्या. आमच्या फिलिपिनो मैत्रिणींची खरी ताकद ती आहे. नवीन मुलगी आली की तिला पहिल्या थंडीचा कोट कोण देणार, हे ती विमानात असतानाच ठरलेलं असतं.

---

कोथरूडकर

सुषमाताई, तुमच्या प्रश्नाचं उत्तर दोन दिवस टाळत होतो. मावशी शेवटच्या वर्षी पाठीच्या दुखण्याने महिनाभर घरी होत्या. आम्ही ब्युरोतून दुसऱ्या आणल्या. मावशींना त्या महिन्याचे पैसे दिले नाहीत. कोणी मागितले नाहीत, आमच्याही डोक्यात आलं नाही. वडिलांना रोज उचलून पाठ धरली होती त्यांची. नंबर आहे माझ्याकडे.

---

रेवदंड्याची_लेक

उशिरा लिहितेय, सणाचे दिवस होते.

भावाला घरी बोलावलं. तुमचे सगळे प्रतिसाद मोठ्याने वाचून दाखवले, त्याचं मराठी वाचन सुटलंय. तो काही बोलला नाही. मग मी वही दिली, मागची पानं. तो एक महिना मोजत बसला. किती वेळा उठली ते. मोजून झाल्यावर चष्मा काढून बराच वेळ बसला.

परवा आम्ही बँकेत गेलो. परदेशी पैसे पाठवताना कारण लिहावं लागतं. त्याने आधी ‘भेट’ लिहिलं. मी गप्प राहिले. त्याने दुसरा कागद मागून घेतला आणि ‘नोकरीची देणी’ असं लिहिलं. नऊ महिन्यांचे आणि वर न दिलेल्या सुट्ट्यांचे, जेवढे आम्हाला आठवले तेवढे. तिच्या घराचं छप्पर वादळात गेलंय, ते आता होईल. खवणी तिलाच द्यायची होती, पण सामानाच्या वजनात बसली नाही. तिने स्वतःच नको म्हटलं, तिच्याकडे तिच्या आईची आहे.

---

सांगलीची_आई

ताई, देव तुमचं भलं करो. एक मागणं आहे. त्या वहीतले शब्द आणि समोर तिने काय लिहिलंय ते टाकाल का? मुलीला तिकडच्या म्हाताऱ्या माणसांसाठी अशीच वही घालायला सांगते.

---

रेवदंड्याची_लेक

टाकते. ती समोर इंग्रजीत लिहायची, ते मी मराठीत करतेय.

घोटभर – चमच्याने, तीनदा.

नको – थांबायचं, पाच मिनिटांनी परत विचारायचं.

दुखतं – डावा गुडघा आधी बघायचा.

गार – तिला थंडी वाजत नाही, तिला पांघरूण हवं असतं.

हळू – मी घाईत आहे.

कोण आलंय? – कोणी नाही, पण दार उघडून दाखवायचं.

आई कुठे गेली? – हात धरायचा. उत्तर द्यायचं नाही.